पडल्याली न्हाई, बसल्याली हाय

बाळाक्का पहिल्या भेटीत माणसाचं नाव-गाव विचारत नसे. समोरच्याला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळायची आणि विचारायची, "तुमी शेवटचं भुईला कवा टेकला हुता?"

मला तिनं हे विचारलं तेव्हा ती स्वतः चाकाच्या खुर्चीत होती. मिरजेच्या दवाखान्यातून तिला त्याच दिवशी आमच्या निवासात आणलं होतं. मागं तिचा मुलगा अंकुश एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात एक्सरेचा लखोटा घेऊन उभा होता. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो. नवीन माणूस आलं की "या, बसा" म्हणायचं, एवढी रीत मला ठाऊक होती. पण हा प्रश्न आला आणि मी गडबडलो. खरंच, कधी बसलो होतो जमिनीवर? आठवता आठवता बायकोच्या दहाव्याला येऊन थांबलो. कृष्णेच्या घाटावर बसलो होतो, दोघांनी धरून उठवलं होतं. त्यानंतर पलंग, खुर्ची, जेवणाचं टेबल आणि कमोड. जमिनीशी संबंध फक्त तळपायांचा उरला होता, तोही चपलेतून.

"बगा, आटवत न्हाई," बाळाक्का म्हणाली. "माजं आटवतंय. गेल्या दसऱ्याच्या आदी, शेळीची धार काडताना. तवापास्नं ताप जो आला, त्यो माजं गुडघंच घिऊन गेला."

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मूळचा औंधकडचा, पण साताऱ्याला, कराडला आणि शेवटी सांगलीला खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारण्यात हयात गेली. बायको गेल्यावर पुण्यात मुलाच्या चौथ्या मजल्यावर जीव रमेना, म्हणून आपण होऊन सांगली-मिरज रस्त्यापासून आत असलेल्या या वृद्ध निवासात आलो. इथं मला सगळे 'कंट्रोलर' म्हणतात. बाळाक्का स्वखुशीनं आली नव्हती, पण तिला कुणी टाकलेलंही नव्हतं. ती आली होती गुडघे परत मिळवायला.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा संताप त्यातूनच आहे. तिचं घर कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका वस्तीवर. पाऊस बेताचा, जमीन खडकाळ, थोडी द्राक्षबाग, दोन शेळ्या. चिकुनगुनियानं तिला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवलं. ताप गेला तरी गुडघे धरले ते धरलेच. वस्तीवरचा संडास अंगणाच्या टोकाला, जेमतेम माणूस वळेल एवढा, आणि बसायचा. अंकुशनं मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. ती एकदा घसरली आणि बाळाक्का दारात आपटली. सुनेच्या मणक्यात गॅप, तिला वजन उचलायला मनाई. तेव्हा मायलेकांचं ठरलं की आक्कानं थोडे दिवस इथं राहायचं, व्यायाम करायचा, आणि आपली आपण बस-ऊठ करता आली की घरी जायचं.

मी शहाणपणानं अंकुशला म्हणालो, "अरे, मोठा संडास बांध, कमोड बसव. एवढ्यासाठी आईला इथं कशाला?"

त्याच्या आधी आक्काच बोलली. "एका कमोडानं भागतंय व्हय, कंट्रोलर? चूल भुईवर, भाकरी भुईवर, देव भुईवर, शेळी भुईवर. नातू निजतोय त्यो भुईवर. मी तेवडी वर बसून काय करू? आवं, खुर्चीवर बसणारी म्हातारी घरात पाव्हणी असती."

कमोडाचा विषय मी तिथंच सोडला.

पाडव्यानंतर आमच्या निवासात तो डिजिटल व्यायाम आला. एका कंपनीनं देणगी म्हणून दिला. नारळ फुटला, फीत कापली, आम्हाला पेढे मिळाले. हॉलच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही, त्याच्या कपाळावर कॅमेरा. पडद्यावर एक तरुण बाई हसत हसत व्यायाम सांगणार, आम्ही खुर्च्यांवर बसून तिच्यासारखं करायचं, आणि कॅमेरा बघणार कोण किती हलतंय ते. एका कडेला आमचे फोटो आणि प्रत्येकापुढं एक ठिपका. नीट करणाऱ्याचा हिरवा, जेमतेम करणाऱ्याचा पिवळा, न करणाऱ्याचा लाल. महिन्याच्या शेवटी सगळा हिशेब घरच्यांच्या मोबाईलवर आपोआप जायचा.

खोटं कशाला बोलू, काहीजणांना त्याचा गुण आला. कुलकर्णी सरांचा आखडलेला खांदा सुटला, ते आपले आपण केस विंचरू लागले. दुपारभर डोळे मिटून पडणारी माणसं सकाळी आठला हॉलमध्ये येऊन बसू लागली. मलाही गंमत वाटायची. पण त्या बाईची भाषा मात्र छापील. "आता आपले दोन्ही बाहू आकाशाच्या दिशेने उंचवा," असं ती म्हणायची.

बाळाक्का पहिल्याच दिवशी हात खाली ठेवून म्हणाली, "आबाळाकडं न्हेऊन काय करायचं हाय? तितं तर जायाचंच हाय. ही भुईकडं कवा येनार ते इचारा."

मी आमच्या व्यवस्थापक मॅडमना विचारलं. बाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्यावर चिडणार आहे. आमच्या औषधांच्या वेळा त्या चुकू देत नसत, कुणाला ताप आला तर रात्र रात्र जागत. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "काका, हा ज्येष्ठांसाठी सुरक्षित कार्यक्रम आहे. सगळे व्यायाम खुर्चीतलेच आहेत. आणि आजी, इथं तुम्हाला खाली बसायची गरजच काय? कमोड आहे, टेबल आहे."

"हितं हाय," आक्का म्हणाली. "माज्या घरात न्हाई."

मॅडम हसल्या. आमच्याकडं म्हाताऱ्यांच्या अडचणीच्या बोलण्यावर असं गोड हसायची पद्धत आहे. ज्यांनी हा कार्यक्रम तयार केला त्यांनी म्हातारं माणूस म्हणजे खुर्चीतलं माणूस असं धरलं होतं. सांगली जिल्ह्यातली निम्मी म्हातारी माणसं खाली बसून जेवतात, खाली बसून भांडतात, खाली बसून मरतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि इथं ज्यांना ते माहीत होतं, त्यांनी पेढे खाल्ले आणि टाळ्या वाजवल्या.

आक्कानं मग आपली वाट काढली. मागच्या बाजूला कुंपणाच्या भिंतीच्या कामातून उरलेल्या विटा पडल्या होत्या. तिनं त्यातल्या काही एकावर एक रचून घेतल्या, वर पोतं टाकलं, खिडकीच्या गजाला धरून त्यावर टेकली आणि उठली. पुन्हा टेकली, पुन्हा उठली. चार-सहा दिवसांनी ते सोपं झालं की वरची एक वीट काढून टाकायची. बैठक तेवढी खाली जायची. परत तेच. एवढीच तिची पद्धत. वीट काढली त्या दिवशी तिचा चेहरा असा व्हायचा की जणू पोराला नोकरी लागली.

"गुडघा पोरावानी हाय, कंट्रोलर," ती सांगायची. "मारायचा न्हाई, पर लाडबी करायचा न्हाई. लाड केला की डोक्यावर बसतोय."

तिला बघून मीही शेजारी विटांची चवड लावली. पहिल्या दिवशी उठताना माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं. आक्का खदखदून हसली. मग कुलकर्णी सर आले, मग आणखी दोघीतिघी आल्या. ज्याला जमेल तसं, ज्याच्या त्याच्या विटांवर. तिथंच झेंडूचे वाफे होते आणि त्यात लव्हाळा माजला होता. आक्काचा जन्म भांगलणीत गेलेला. तण दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. विटेवर बसल्या बसल्या ती पुढचं तण उपटायची, मग वीट सरकवून पुढं. शेतात बायका ओळीनं पात धरून भांगलत जातात, तशी आमची पात लावली तिनं. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब उगाच पानं कुरतडत बसले, तर त्यांना म्हणाली, "आवं सायेब, शेंडा खुडून काय हुतंय? तण आन् दुखणं, बुडाला बसल्याबिगर निगत न्हाई."

पण ही वेळ सकाळी आठची, ऊन चढायच्या आधीची. म्हणजे हॉलमधल्या व्यायामाचीच. आक्का तिथं नसायची. तिचा ठिपका लाल.

एकदा मॅडमनी आग्रह केला म्हणून ती हॉलमध्ये आली. पडद्यावरची बाई म्हणाली, "आता सावकाश खाली बसा." म्हणजे खुर्चीत. आक्का खुर्ची सोडून, तिच्या पाठीला धरून, सावकाश खालीच बसली, निम्मी अर्धी का होईना, उकिडवी. त्यासरशी संगीत थांबलं. पडदा लाल झाला आणि बाईचा आवाज आला, "लक्ष द्या. एक व्यक्ती पडली आहे. कृपया मदत करा." दोन कर्मचारी धावत आले, एक चाकाची खुर्ची घेऊन. दोघांनी आक्काला काखेत धरून वर ओढलं.

"सोडा!" ती ओरडली. "आवं, मी पडल्याली न्हाई, बसल्याली हाय!"

सगळा हॉल हसला. मीही हसलो. त्या यंत्राला माणसाच्या दोनच अवस्था ठाऊक होत्या, खुर्चीत असलेला आणि पडलेला. तिसरी अवस्था, जिच्यात आपल्या मुलखातल्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी काढली, भाकऱ्या थापल्या, बाळंतपणं केली, ती त्याच्या हिशेबातच नव्हती. तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं.

आषाढात पाऊस लागला आणि मागं चिखल झाला. आम्ही विटा उचलून मागच्या व्हरांड्यात आणल्या. त्याच सुमारास कंपनीच्या माणसांनी तिथंही एक कॅमेरा लावला, आमच्या सुरक्षिततेसाठी. आम्ही विटांवर असलो तर तो गप्प असे. पण आक्काच्या खाली आता एकच वीट राहिली होती. ती बसली की हॉलमधून आवाज यायचा, "एक व्यक्ती पडली आहे." ती तिथूनच ओरडून सांगायची, "बसल्याली हाय गं बाई, बसल्याली हाय!" कर्मचारी येऊन बटण दाबून आवाज बंद करायचे. रोजचीच कटकट म्हणून पुढं पुढं त्यांनी हॉलमधला आवाजच कमी करून टाकला.

श्रावणात तिनं शेवटची वीट काढली. गजाला न धरता, आपल्याच मांडीवर हात रेटून ती उकिडवी बसली, फरशीवर बोटानं उगाच एक रेघ ओढली आणि उठली. आम्ही सगळे बघत होतो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "गौरीला घरी जाती. शेपूची भाजी आन् भाकरी माज्या हातची. अंकुशला फोन लावा."

फोन लावायच्या आधीच अंकुशचा फोन आला. मी तिच्या शेजारी होतो, आवाज मोठा होता, सगळं ऐकू आलं.

"आई, तू रोजची दोन-तीनदा पडतीस आन् मला सांगत न्हाईस व्हय गं?"

"कोन पडतंय? बसती मी. आता चांगली बसती आन् उटती."

"आई, मोबाईलवर आलंय की सगळं. व्यायामात लाल. पडन्याचा धोका लाल. कितींदा पडली ते आकड्यात दिलंय."

"मोबाईलला इचारून बसू व्हय मी?"

तो रडकुंडीला आला होता. दारात आपटलेली आई त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मी फोन घेतला, शपथेवर सांगितलं की आक्का पडत नाही, मी रोज बघतो. तो म्हणाला, "काका, तुमी तिचं दोस्त हायसा. तुमी तिच्याच बाजूनं बोलनार. गौरीला र्‍हाऊ द्या. बरी झाली की न्हेतो." मी अंकुशला दोष देत नाही. त्याच्या हातात छापील अक्षर होतं, रंगीत चित्र होतं, आणि माझ्याकडं नुसतं तोंड होतं.

मी तडक मॅडमच्या खोलीत गेलो. आयुष्यात प्रवाशांच्या शिव्या ऐकून घेतलेला माणूस मी, आवाज चढवायची सवय नाही. त्या दिवशी चढवला. "गाडी फलाटावर उभी आहे, इंजिन चालू आहे, आणि तुम्ही फळ्यावर 'रद्द' लिहिताय! अहो, खिडकीबाहेर मान काढून बघा की एकदा! बाई बसते ते तुम्ही डोळ्यांनी बघता, आणि तिच्या लेकाला कळवता की ती पडते?"

"काका, आम्ही नाही कळवत, सिस्टिम कळवते," मॅडम म्हणाल्या. "त्यात बदल करणं आमच्या हातात नाही. कंपनीला मेल केलाय."

"मग ती बंद करा."

"ती बंद करता येत नाही. आणि उद्या खरंच कुणी पडलं तर? घरचे मला विचारतील, सूचना येत होत्या तरी तुम्ही काय केलंत?"

भीती खरी होती, हे मला कळत होतं. पण मला चीड आली ती तिथंच. आपली मान सुटावी म्हणून दुसऱ्याचे पाय बांधायचे, याला काळजी म्हणायची फॅशन झाली आहे. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या विटा नव्हत्या. दारावर सूचना लागली की निवासात कुणीही जमिनीवर बसू नये. आणि आक्का 'धोका जास्त' या गटात गेली. म्हणजे दिवसभर खुर्ची, कमरेला पट्टा, आणि संडासला जाताना सोबत माणूस. पट्टा मऊ होता, आकाशी रंगाचा होता, हे मॅडमनी मला आवर्जून सांगितलं.

आठवडाभर आक्का भांडली. पट्ट्याचं कुलूप चमच्याच्या दांडीनं उघडायचा प्रयत्न केला. गौरी आल्या आणि गेल्या. आवाहनाच्या दिवशी तिनं जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शांतपणे मला म्हणाली, "कंट्रोलर, त्या टीव्हीतल्या बाईकडनं हिरवं घ्यायला काय करावं लागतंय?"

"ती सांगेल तसं. खुर्चीत बसून."

"हिरवं दिसल्यावर यील न्हवं त्यो?"

मी म्हणालो, येईल. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून बाळाक्का हॉलमध्ये पहिल्या रांगेत. बाहू आकाशाच्या दिशेने उंचवायचे, तिनं उंचवले. टाच उचलायची, उचलली. मान डावीकडं, मान उजवीकडं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात न चुकता पात धरलेली बाई ती, हेही काम तिनं कसूर न करता केलं. पितृपंधरवड्यात तिचा ठिपका पिवळा झाला, दसऱ्याला हिरवा. पडद्यावरची बाई नाव घेऊन म्हणायची, "शाब्बास, बाळाबाई!" आणि इकडं मी बघत होतो, खुर्चीतून उठताना तिचे हात आधीपेक्षा जास्त जोर लावत होते. मांड्या सुटत चालल्या होत्या. ठिपका हिरवा होत गेला तसे पाय वाळत गेले. मी बोललो तर म्हणायची, "असू द्या. एकदा घरी गेले की चार दिसात बसवती गुडघ्यास्नी खाली."

द्राक्षाची छाटणी उरकून दिवाळीच्या तोंडावर अंकुश आला. जीप घेऊन आला होता. हातात मोबाईल, चेहरा फुललेला. "काका, बगा, सगळं हिरवं! अभिनंदन म्हणून आलंय. आई, चल, न्ह्यायलाच आलोय." सुनेनं चकल्या पाठवल्या होत्या, नातवानं चित्र काढून दिलं होतं. मॅडमही हॉलमध्ये आल्या, पट्टा स्वतः सोडला.

"थांब," आक्का म्हणाली. "आदी बसून दावती. आपलं बोलणं झाल्यालं हाय."

तिला कुणी सांगितलं नव्हतं. अंकुश "राहू दे गं" म्हणत होता. पण ती शब्दाची बाई. खुर्चीपासून बाजूला झाली, मांड्यांवर हात ठेवले आणि वाकली. अर्ध्यात गुडघे लटपटले आणि ती धप्पकन फरशीवर बसली. उठायला गेली. हात रेटले, मान पुढं काढली, ओठ चावला. पुन्हा गेली. नाहीच. पडदा लाल झाला. विटा हलवल्यापासून आवाज पुन्हा मोठा केला होता. "लक्ष द्या. एक व्यक्ती पडली आहे. कृपया मदत करा."

अंकुशनं तिला लहान मुलीसारखं उचलून खुर्चीत ठेवलं. आक्कानं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आज मातर ती खरं बोलली बगा, कंट्रोलर."

अंकुश रडत होता. "तसंच चल आई. मी हाय, उचलीन की."

"तू रानात असशील. तुज्या बायकोच्या कंबरंवर न्हाई बसायची मी." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जा. पोराची दिवाळी मोडू नगंस. उटता आलं की सांगती."

जीप रिकामी गेली. त्या महिन्याच्या शेवटीही अंकुशच्या मोबाईलवर हिरवंच गेलं असणार. एका पडण्यानं एवढं काही बिघडत नाही, असं मॅडम म्हणाल्या.

मी नंतर विटा मागितल्या. त्या फुटून फाटकाजवळच्या खड्ड्यात गेल्या होत्या. स्वतः बाहेर जाऊन दोन-चार आणल्या, तर आक्कानं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. "आता उमेद न्हाई, भाऊ," ती म्हणाली. मला 'भाऊ' म्हणाली ती त्या एकदाच. मी त्या विटा माझ्या खोलीत ठेवल्या आणि पलंगाच्या पायाला धरून माझं मी चालू ठेवलं. माझ्या खोलीत कॅमेरा नव्हता, आणि मी हिरव्यातला. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

माघात तिच्या छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. झालं असेल. खुर्चीनं तिला मारलं असं मी म्हणणार नाही. पण तिला जगायचं होतं ते जिथं, तिथली वाट खुर्चीनं अडवली, हे मी कुणापुढंही म्हणेन. पहाटे ती गेली. अंकुशला यायला दोन तास तरी लागणार होते. तिला पलंगावर तशीच ठेवलेली बघून मी मॅडमना म्हणालो, "आपल्यात माणसाला भुईवर घेतात."

मॅडमचे डोळे रडून सुजले होते. त्यांनी मान हलवली. हॉलमधल्या खुर्च्या कडेला सारल्या, फरशीवर घोंगडी अंथरली आणि आक्काला तिच्यावर निजवलं. दारावरची सूचना तशीच होती, की निवासात कुणीही जमिनीवर बसू नये. कुणी हरकत घेतली नाही. जितेपणी तिला जे मागून मिळालं नाही, ते मेल्यावर न मागता मिळालं.

मी तिच्या उशाशी गेलो. मांड्यांवर हात ठेवले आणि उकिडवा बसलो, कशालाही न धरता. बसता येतंय हे तिला दाखवायचं राहून गेलं होतं.

आठ वाजले. टीव्ही रोजच्यासारखा आपोआप सुरू झाला. दोन सूर वाजले, बाई हसली, आणि लगेच पडदा लाल झाला. "लक्ष द्या. दोन व्यक्ती पडल्या आहेत. कृपया मदत करा." पुन्हा तेच. पुन्हा तेच. दारातली माणसं चुळबुळली. कुणीतरी "अहो, काहीतरी करा" म्हणालं. मी आक्काच्या चेहऱ्याकडं बघून म्हणालो, "पडल्याली न्हाई गं बाई, बसल्याली हाय."

मॅडमना ते सहन झालं नाही. त्या धावत भिंतीकडं गेल्या, टीव्हीमागं हात घातला आणि पिन उपसून काढली. पडदा काळा झाला. हॉल एकदम शांत.

मी उठलो. गुडघे कुरकुरले, पण उठलो. पिन अजून त्यांच्या हातातच लोंबत होती.

"बाई," मी म्हणालो, "एवढंच करायचं होतं. श्रावणात."